मुलं कुणाच्या हवाली?

साशंक : ताई, मृत्युपत्र कर असं तुम्ही दर भेटीत सांगता आणि मी नुसती मान हलवते. आज सरळच विचारते, कशासाठी करायचं? अपशकुन वगैरे मी मानत नाही, त्यामुळे तेवढी समजूत घालायची गरज नाही. हे गेले तेव्हा यांनी काहीच लिहून ठेवलं नव्हतं, तरी आमचं काही अडलं नाही. माझं जे आहे ते माझ्या दोन लेकरांचं. कायदाही हेच म्हणतो, तिसरा कुणी हक्क सांगायला येत नाही. ज्याला कायद्यापेक्षा वेगळं काही हवं आहे, एका मुलाला जास्त आणि दुसऱ्याला कमी द्यायचं आहे, कुणाला वगळायचं आहे, त्याने मृत्युपत्र करावं. मला तसं काहीच नको. मग जे आपोआप होणारच आहे त्यासाठी कागद आणि साक्षीदार कशाला?

आग्रही : तुझ्यामागे तुझी मालमत्ता दोन्ही मुलांना सारखी जाईल, हे तू बरोबर सांगतेस. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात तसंच आहे. पण ‘माझं जे आहे’ म्हणतेस ते नेमकं किती, हे कधी मोजलंस का? पुण्याचा फ्लॅट त्यांच्या कमाईचा, त्यांच्याच नावावर होता. त्यांचं मृत्युपत्र नव्हतं. म्हणजे त्या फ्लॅटला चार वारस झाले : तू, मुलगी, मुलगा आणि तुझ्या सासूबाई. प्रत्येकाला चौथा हिस्सा. सोसायटीत तू नॉमिनी होतीस म्हणून शेअर सर्टिफिकेटवर तुझं नाव चढलं, पण नॉमिनीचं नाव चढल्याने मालकी बदलत नाही. तो फ्लॅट अर्धा तुझ्या अज्ञान मुलांचा आहे आणि पाव सासूबाईंचा. त्यांनी हक्कसोड पत्र केलंय का?

साशंक : नाही. तो विषय मी कधी काढला नाही, त्यांनीही नाही.

आग्रही : मग उद्या फ्लॅट विकून धाकट्याच्या शाळेजवळ लहान घर घ्यायचं म्हटलंस, तर मुलांचा हिस्सा विकायला आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी काढावी लागेल. आई नैसर्गिक पालक असली तरी अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता तिला अशी विकता येत नाही. काही अडलं नाही असं तुला वाटतं, कारण अजून तशी वेळ आली नाही. आणि ‘माझा फ्लॅट मी मुलांना देत आहे’ असं तू उद्या लिहिलंस, तर त्या वाक्याने फक्त तुझा चौथा हिस्सा जाईल. मृत्युपत्राचा पहिला उपयोग हाच. ते लिहायला बसल्यावर आपलं काय आणि दुसऱ्याचं काय, याचा हिशेब मांडावाच लागतो. पीएफवर आणि विमा पॉलिसीवर नॉमिनी म्हणून अजून तुझ्या यजमानांचंच नाव असेल, तेही त्याच वेळी लक्षात येतं.

साशंक : पीएफवर आहे, खरं. ते बदलून घेते. मुलांचं नाव लावलं की झालं ना?

आग्रही : अज्ञान नॉमिनी असला की विम्याचे पैसे त्याच्या वतीने कुणी घ्यायचे ते नाव पॉलिसीतच द्यावं लागतं. आणि नॉमिनी लावला म्हणजे वारसाचा प्रश्न सुटला असंही नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये पुन्हा सांगितलं, की नामनिर्देशनाने वारसा कायदा बाजूला सरत नाही. नॉमिनीच्या हाती पैसे लवकर येतात, त्याचा खरा उपयोग तेवढाच. पण आजचं बोलणं त्यावर घालवायला नको. गावच्या जमिनीचा सातबारा काढ. मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहिलेलं असेल, आणि पुढे तुझं नाव.

साशंक : आहे. अज्ञान पालनकर्ती. वारस नोंद करताना तलाठ्यांनी दाखवलं होतं.

आग्रही : तू नसलीस तर त्या जागी कुणाचं नाव येणार? जमीन मुलांचीच राहील, फ्लॅटचा हिस्सा मुलांचाच राहील, तुझी शिल्लकही त्यांना मिळेल. कायदा मालक शोधून देतो, पण मालक 11 आणि 6 वर्षांचे आहेत. त्यांच्या वतीने सही कोण करणार, त्यांना कोणत्या घरी नेणार, शाळा कोण ठरवणार? वारसा कायद्यात याचं उत्तर नाही. तू म्हणतेस तुला कायद्यापेक्षा वेगळं काही नको. पण कायदा ज्या ठिकाणी गप्प आहे त्या जागीच तुझी मुलं उभी आहेत.

साशंक : कायदा गप्प असला तरी न्यायालय गप्प नसतं. 1890 चा पालक व पाल्य कायदा मीही वाचून आले आहे. न्यायाधीश पालक नेमतात ते मुलाचं हित बघून. माझ्या निवडीपेक्षा ते बरं, असं मला खरंच वाटतं. मी आज नाव लिहीन ते आजची माणसं बघून. माझा भाऊ आज बेंगळुरूला आहे, त्याच्या बायकोशी माझं पटतं. पाच वर्षांनी त्याची नोकरी, त्यांचा संसार, त्यांची तब्येत कशी असेल, मला काय माहीत? न्यायाधीश त्या दिवशीची परिस्थिती बघतील. माझ्या जुन्या कागदाने त्यांचे हात बांधले गेले तर त्यात मुलांचंच नुकसान नाही का? आणि दुसरं. भावाचं नाव लिहिणं म्हणजे सासूबाईंचं नाव न लिहिणं. यांच्या माघारी त्या साताऱ्याहून येऊन माझ्या घरी सात महिने राहिल्या. धाकटा त्यांच्याच कुशीत झोपायचा. मी न लिहिता गेले तर त्यांना वाटेल वेळ मिळाला नाही. लिहून गेले तर कळेल की मी विचार करून त्यांना वगळलं.

आग्रही : दोन्ही हरकती मोठ्या आहेत. आधी न्यायालयाची बघू. 1956 च्या पालकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने हिंदू विधवेला मृत्युपत्राने पालक नेमायचा अधिकार दिला आहे. वडिलांनी आधी कुणाला नेमलं असलं, तरी आई हयात असेपर्यंत ती नेमणूक चालत नाही, आणि आईने स्वतः नेमलं तर आईचंच नेमणं चालतं. म्हणजे या बाबतीत शेवटचा शब्द तुझा. असा पालक असेल तर त्याचे अधिकार संपल्याशिवाय न्यायालय त्याच्या जागी दुसरा नेमत नाही. ज्याला हरकत असेल त्याने तो माणूस अयोग्य आहे हे दाखवावं. पण मुलाचं हित सर्वांत वर, हेही त्याच कायद्यात तेराव्या कलमात आहे. तू नेमलेला माणूस पुढे व्यसनी निघाला किंवा आजारी पडला, तर तुझा कागद न्यायाधीशांना अडवणार नाही. तेव्हा हात बांधले जाण्याची भीती सोड. आणि तू काहीच लिहिलं नाहीस तर काय होईल? न्यायाधीशांनी विचारात घ्यायच्या गोष्टी कायद्यात दिल्या आहेत : मुलाचं वय, धर्म, पालक होऊ इच्छिणाऱ्याचं चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक, आणि मृत आईवडिलांची इच्छा असेल तर ती. तुझ्या इच्छेची जागा तिथे आधीच ठेवलेली आहे. ती तू मोकळी ठेवलीस तर बाकीचे नातेवाईक ‘तिचीही हीच इच्छा होती’ म्हणून आपापल्या परीने भरतील.

साशंक : आणि त्यातल्या कुणाचं खरं, ते सांगायला मी नसेन.

आग्रही : हो.

(या दोघींना इथे थोडं थांबवतो, कारण हे बोलणं सगळ्या घरांना लागू नाही. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं साठावं कलम मुलांसाठी मृत्युपत्राने पालक नेमायचा अधिकार देताना फक्त बापाचं नाव घेतं, आईचा उल्लेखही करत नाही. ख्रिस्ती किंवा पारशी विधवेला त्या कलमातून हा आधार मिळत नाही. मुस्लिम घरात एक तृतीयांशाहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देण्यावर मर्यादा आहे, आणि गोव्यात मुलांचा ठरलेला हिस्सा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. एकाच राज्यात, एकाच मजल्यावर राहणाऱ्या तीन विधवा आयांना तीन वेगळी उत्तरं मिळतात. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि साठाव्या कलमातला तो एकटा ‘बाप’ कधीच बदलायला हवा होता.)

साशंक : ठीक आहे, नाव लिहिलं. पण त्याने काय होतं, ताई? ‘मी माझ्या भावास पालक नेमते’ या ओळीने भावाला माया येत नाही. माया असेल तर तो न लिहिताही येईल, नसेल तर लिहून काय उपयोग? शिवाय तो नकार देऊ शकतो.

आग्रही : देऊ शकतो, म्हणून आधी त्याला विचारायचं आणि दुसरं नावही लिहायचं. मायेसाठी मी लिही म्हणत नाही. माया असलेल्या माणसालाही अधिकार लागतो. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर, शाळा बदलताना, पासपोर्टच्या अर्जावर ‘आपण कोण?’ असं त्याला विचारतील. मामा, हे उत्तर तिथे पुरत नाही. आणि माया असलेली माणसं एकापेक्षा जास्त असली की भांडण होतं, ते मायेपायीच होतं. आजी आणि मामा न्यायालयात समोरासमोर उभे राहतात तेव्हा दोघांपैकी कुणीच वाईट नसतं. मुलांना त्या दोघांच्या मध्ये उभं राहावं लागतं.

साशंक : बरं, पैशाचं बोलू. सगळं मुलांच्या नावे ठेवायचं आणि भावाला सांभाळायला सांगायचं, इतकं साधं मला पटतं. तुम्ही म्हणता न्यास करायचा, विश्वस्त नेमायचे, मुलं 25 ची होईपर्यंत मुद्दल द्यायचं नाही. यात मला अविश्वास दिसतो. आधी भावावर, मग स्वतःच्या मुलांवर. माझी मुलगी 18 ची झाल्यावर मतदान करेल, लग्नही करू शकेल, पण आईचे पैसे तिला मिळणार नाहीत? मेलेल्या माणसाने जिवंत माणसाच्या आयुष्यावर सात वर्षं पकड का ठेवावी?

आग्रही : पकड या शब्दाला मी नाही म्हणणार नाही, ती असतेच. पण तू काहीच केलं नाहीस तर अठराव्या वाढदिवसाला सगळी रक्कम एका वेळी तिच्या हातात येईल. त्या वयात आईबाप नसलेल्या मुलीभोवती कोण गोळा होतं, हे मी पाहिलंय. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये जी योजना आणली, तिच्यात 10 लाख रुपये ठेवले ते अठराव्या वर्षी हातात द्यायला नव्हे. अठरापासून दरमहा खर्चाला, आणि मूळ रक्कम 23 व्या वर्षी. ज्यांनी ती योजना आखली त्यांचा त्या मुलांवर अविश्वास होता असं मला वाटत नाही. न्यास मृत्युपत्रातच लिहिता येतो. विश्वस्त ठरव, शिक्षण आणि आजारपणाला लागेल तेव्हा त्यांनी पैसे द्यायचे, बाकी 25 व्या वर्षी. तुला 25 जास्त वाटत असेल तर 22 लिही. ते वय कुणी ठरवलेलं नाही, तूच ठरवायचं आहेस.

साशंक : वयाचं सोडा. विश्वस्त वेगळा आणि पालक वेगळा, हे मला जास्त खटकतं. माझ्या भावाने माझी दोन मुलं आपल्या घरात वाढवायची आणि बुटांसाठी दुसऱ्या कुणाकडे बिल पाठवायचं? कुठला मामा हे सहन करेल?

आग्रही : म्हणून मृत्युपत्रात दरमहाची एक रक्कम लिहायची, तिचा हिशेब कुणी मागायचा नाही. मोठे खर्च तेवढे विश्वस्तांनी बघायचे. मुलं आणि पैसा एकाच हातात दिले की तो हात कितीही प्रामाणिक असो, त्याच्यावर संशय घेणारं कुणीतरी निघतंच. भावाला त्या संशयापासून तूच वाचवायचं आहेस.

साशंक : आणि त्याच्या स्वतःच्या मुलीचं काय? ती माझ्या मुलाच्या वयाची. तिची शाळा त्याच्या पगारात बसेल तशी. माझ्या मुलाची फी न्यासातून, म्हणजे कदाचित महागडी शाळा, सुट्टीत शिबिरं. एकाच घरात दोन ताटं. मी इथे बसून न्यायाने वागते असं समजेन, आणि तिकडे दोन भावंडांमध्ये भिंत उभी करेन. पैसा कमी असला तर भावावर बोजा, जास्त असला तर त्याच्या घरात दुजाभाव. हे तुमच्या कुठल्या कलमात लिहिलंय?

आग्रही : कुठल्याच कलमात नाही. याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. काही आया लिहितात की मुलं ज्या घरात वाढतील त्या घराच्या राहणीला शोभेल असा खर्च विश्वस्तांनी करावा, मग शाळा बदलावी लागली तरी चालेल. पण ते लिहिणं म्हणजे आपल्या मुलाला आपण मनात धरलेलं आयुष्य मिळणार नाही हे मान्य करणं. लिहिताना सगळ्यात जड जाणारी ओळ हीच, असं मी पाहिलंय.

साशंक : तुम्ही माझ्या वयाच्या बाईला आणखी एक विचाराल हे मला माहीत आहे, म्हणून मीच बोलते. मी पुन्हा लग्न केलं तर? घरात आत्ता कुणी उघड बोलत नाही, पण विषय निघतो.

आग्रही : तर मृत्युपत्र जास्तच हवं. दुसरा नवरा मुलांबरोबर समान वारस होतो, पण सावत्र बाप कायद्याने मुलांचा नैसर्गिक पालक होत नाही. म्हणजे तुझ्या पैशात त्याचा वाटा असेल आणि मुलांवर अधिकार नसेल. तुला कदाचित नेमकं याच्या उलट हवं असेल. आणि मनाला नको वाटणारी एक शक्यताही बघ. तू आणि मुलं एकाच अपघातात गेलात आणि आधी कोण गेलं ते ठरलं नाही, तर लहान वयाचा मागे राहिला असं कायदा धरतो. म्हणजे तुझं सगळं मुलांकडून पुढे जाईल, आणि त्यांच्या वारसांमध्ये बापाकडची आजी आईच्या आईवडिलांच्या आधी येते. तुझे आईवडील आज तुझ्या पगारावर आहेत.

साशंक : त्यांना काहीच नाही?

आग्रही : काहीच नाही. मुलं नसलेल्या विधवेच्या बाबतीतही तसंच. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा खटला आला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा झालेल्या त्या बाईला सासरच्यांनी हाकललं होतं. ती माहेरी शिकली, नोकरीला लागली. मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वकष्टाची कमाई नवऱ्याकडच्या वारसांना मिळाली. न्यायालयाला तिच्याबद्दल सहानुभूती वाटली, पण कायदा तसाच होता. तिने एक कागद केला असता तर पुरलं असतं. त्याला स्टँप लागत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदणीही सक्तीची नाही, केलेली बरी इतकंच. तुझी सही, ती करताना पाहिलेले दोन साक्षीदार आणि त्यांच्या सह्या. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नकोस, आणि तुझ्याहून तरुण माणसं घे.

साशंक : माझे आईवडील आणि हा अपघाताचा भाग मला पटला. पीएफ, विमा, माझा चौथा हिस्सा, न्यास, हेही लिहीन. पण मुलांच्या नावापुढे येणारं नाव... खरं सांगू का, मला एक पत्रच लिहावंसं वाटतं. धाकट्याला शेंगदाणे चालत नाहीत, मुलीला रात्री दिवा लागतो, दर मे महिन्यात दोघांना साताऱ्याला आजीकडे पाठवा, त्यांच्याशी मराठीत बोला. मला त्यांना देण्यासारखं आहे ते तिथेच आहे.

आग्रही : लिही, जरूर लिही, आणि मृत्युपत्राबरोबर ठेव. आज्ञा म्हणून ते कुणाला बांधणार नाही, पण आईची इच्छा म्हणून पुढे वाचलं जाईल. मात्र पत्रात आजीला मे महिना देऊन मृत्युपत्रात नाव न लिहिणं, हे उत्तर नव्हे. आणि मुलीला विचारलंस का? समजून उमजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर न्यायालयही त्याची पसंती विचारात घेऊ शकतं. न्यायाधीशांनी विचारायचं ते आईने विचारायचं नाही?

साशंक : बाप गेलेल्या 11 वर्षांच्या मुलीला मी विचारू, की मीही गेले तर तू कुठे राहशील? तिच्या हातात ही भीती द्यायची?

आग्रही : ती भीती तिच्याजवळ आधीपासूनच आहे, असं मला वाटतं. एक गेल्यावर मुलं दुसऱ्यावर डोळा ठेवून असतात. तुला घरी यायला उशीर झाला की ती फोन करते ना?

साशंक : करते. पण तिने आजी म्हटलं आणि मी भाऊ लिहिला, तर? किंवा ती मामा म्हणाली आणि ते सासूबाईंच्या कानावर गेलं, तर? तुम्ही म्हणता लिहिलं की भांडण टळतं. माझं म्हणणं, ते माझ्या हयातीतच सुरू होईल, आणि ज्या बाईच्या मदतीवर मी ते सात महिने काढले तिच्याशीच. मग दोघांचं एकत्र लिहू का? सासूबाई आणि भाऊ, दोघेही पालक.

आग्रही : कायद्याने लिहिता येईल. पण एक साताऱ्यात आणि एक बेंगळुरूत असताना जूनमध्ये शाळेच्या अर्जावर सही कोण करणार? आणि त्यांचं जमलं नाही तर तुझ्या कागदातच ती दोन टोकं तू स्वतः बांधलेली असशील. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं तेच खरं. आज एक नाव लिही, वर्षाने बदल.

साशंक : दर वर्षी बदलणार म्हणजे दर वर्षी कुणालातरी निवडणार आणि कुणालातरी वगळणार. मालमत्तेचं या महिन्यात लिहून तुम्हाला दाखवते, आणि पीएफचा फॉर्म उद्याच भरते. नावाचं मी आधी सासूबाईंशी बोलेन, भावाशी नंतर. लिहून झाल्यावर त्यांना सांगण्यापेक्षा लिहायच्या आधी विचारणं मला जमेल. त्या रागावल्या तरी.

आग्रही : आणि त्या म्हणाल्या, मलाच लिही, तर?

साशंक : त्या 71 वर्षांच्या आहेत, ताई. तेही त्यांना मलाच सांगावं लागेल.